खाट चौदाचा बाण

१

सकाळी आठला तळघरातल्या खोलीचं कुलूप काढायचं, एसीचा आकडा बघायचा, खुर्चीत टेकायचं आणि काळ्या पडद्यावर दोन अक्षरांची आज्ञा टाकायची. बावीस वर्षं मी हेच करतोय. ती आज्ञा दिली की एखाद्या फोल्डरात काय काय आहे त्याची यादी समोर येते आणि प्रत्येक नावाचा रंग त्याचा प्रकार सांगतो. पांढरी ती साधी फाइल. निळा तो फोल्डर. हिरवा तो प्रोग्रॅम. आकाशी ती लिंक.

लिंकचं थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लिंक म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूकडे दाखवलेलं बोट. नावापुढे एक बाण असतो आणि बाणापुढे खऱ्या वस्तूचा पत्ता. तुम्ही उघडता लिंक, उघडतं पलीकडचं. लिंकमधून काही बदललंत तर पलीकडचंच बदलतं, कारण दुसरी प्रत अशी नसतेच. आणि पलीकडची वस्तू कुणी उचलून नेली तर लिंक जागच्या जागी राहते, फक्त लाल होते. बाण आहे, पण पुढे काही नाही.

आमच्या रुग्णालयात प्रत्येक पेशंटचा एक फोल्डर असतो. त्यात त्याचे रिपोर्ट, एक्स-रे, डॉक्टरांच्या नोंदी. वॉर्डाच्या फोल्डरात मात्र नुसत्या खाटा असतात, खाट एक, खाट दोन, अशा चाळीस लिंका. पेशंट घरी गेला किंवा गेलाच, तर रेकॉर्डच्या बाई संध्याकाळी त्याचा फोल्डर जुन्या दप्तरात हलवतात. खाटेची लिंक लाल होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाल लिंका पुसून टाकतो. कोण चालत गेला आणि कोण झाकून, हे रंगावरून कळत नाही आणि मी कधी विचारलंही नाही. वर सगळे मला ‘सर्व्हरवाले’ म्हणतात. माझं खरं नाव किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

२

त्या महिन्यात खाट चौदावर माझी ताई होती. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी तीन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा ताई अकराची. तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागून माझं शिक्षण केलं. तिनं लग्न केलं नाही. माझं झालं, टिकलं नाही. मग आम्ही दोघंच राहिलो, भांडत आणि मजेत.

ताईकडे एक विद्या होती. एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं आवाज ऐकून ऐकून ती कुणाचीही नक्कल करायची. वॉर्डात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मोठ्या डॉक्टरांचा खोकला असा काढला की शेजारच्या खाटेवरची बाई घाईघाईनं पांघरूण नीट करू लागली.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी वर जायचो.

"बाळ्या, तुझा शर्ट इस्त्रीला घाबरतो का रे?" हे तिचं स्वागत.

मला आई आठवत नाही. अजिबात नाही. फोटो दोन, दोन्हीत ती कुणाच्या तरी मागे उभी. आईबद्दल ताई कधीच फारसं बोलली नव्हती, विषय काढला की उठून जायची. पण आता तिला उठता येत नव्हतं. मी एकदा विचारलं, आणि ती छताकडे बघत बोलायला लागली. मग ठरूनच गेलं. "रोज एकच," ती म्हणायची. "सगळं एकदम दिलं तर उद्या यायचा नाहीस." एक दिवस आईचा हिरवा स्वेटर, कोपराला उसवलेला. एक दिवस तिचं मला गॅलरीत उन्हात बसवून नखं कापणं. मी खाली येऊन ते लगेच टाइप करून ठेवायचो. यंत्रावर माझा स्वतःचा फोल्डर आहे, त्याला तांत्रिक भाषेत खरोखरच घर म्हणतात. त्या घरात ‘आई’ नावाची एक फाइल झाली. अकरा दिवसांत अकरा गोष्टी.

अकराव्या दिवशी ताई म्हणाली, "उद्या आई हसायची कशी ते करून दाखवते. साठ वर्षं केलं नाहीये. जमेल की नाही बघू."

मी खाली येऊन सगळी दुपार काही काम केलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी मला आईचं हसू ऐकायला मिळणार होतं.

३

याआधी एक गोष्ट घडली होती, ती मी सोडून दिली होती. त्याच्या चार दिवस आधी सकाळी खाट नऊची लिंक लाल दिसली. पुसण्याआधी सहज वॉर्डात फोन केला.

"नऊ नंबर रिकामी झाली का?"

"छे हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आजोबा चहा पितायत. बिस्किट मऊ आहे म्हणून तक्रार चाललीय."

मी पेशंटचा फोल्डर शोधला. नव्हता. रेकॉर्डच्या बाईंना विचारलं, त्यांनी हात लावला नव्हता. जुनं यंत्र, जुनी डिस्क, कुठेतरी यादी मागे पडली असेल, म्हणून मी ते टाळलं. साडेअकराला आजोबा गेले. संध्याकाळी बाई त्यांचा फोल्डर हलवायला आल्या आणि मलाच विचारू लागल्या, "कुठे ठेवलात?"

योगायोग, असं मी स्वतःला सांगितलं. माणसं रुग्णालयात जातातच.

४

बाराव्या दिवशी सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी खाट चौदा लाल होती.

मी वर फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. पेशंटांच्या यादीत ताईचा नंबर शोधला, तेरानंतर एकदम पंधरा यावेत तसा तो मधून गेलेला. माझं डोकं सांगत होतं की जिना चढ आणि वर जा. पण बावीस वर्षं हातांना एकच शिकवलंय, की लाल दिसलं तर आधी लाल घालव.

मी एक ओळ टाइप केली. ताईच्या नंबराचा नवा फोल्डर तयार केला आणि यादी पुन्हा मागवली. खाट चौदा आकाशी झाली होती.

दोन सेकंदही लागले नसतील. फोल्डरात काहीच नव्हतं. पण लिंक आत बघत नाही. तिला पत्ता जुळला की पुरतं. हे मी नवीन येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

५

वर पोचलो तेव्हा पडदा ओढलेला होता. मोठ्या सिस्टरनी माझा दंड धरला.

"बसा आधी. आता ठीक आहेत. पण आठच्या सुमाराला सगळं थांबलं होतं हो. डॉक्टरांनी घड्याळ बघून वेळसुद्धा सांगितली, मी लिहायला पेन काढलं. आणि मग आपल्या आपण श्वास आला."

"किती वाजता?"

"आठ-पाच, आठ-सहा. का?"

मी पडदा बाजूला केला. पडद्याआड ताई डोळे उघडे ठेवून पडली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, रस्त्यानं जाताना दुकानाच्या पाटीकडे बघावं तसं.

"ताई."

"हो," ती म्हणाली.

"मी बाळ्या."

"बाळ्या," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. पण तिनं तो शब्द नुसता परत केला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पडलं, येईल हळूहळू. मग ते माझ्यावरच चिडले, कारण त्यांना फोल्डरात एकही रिपोर्ट दिसत नव्हता. मी खाली जाऊन रोजच्या राखीव प्रती तपासल्या. कालची, परवाची, ती दाखल झाली त्या दिवसाची. ताईचा फोल्डर प्रत्येकीत होता आणि प्रत्येकीत रिकामा होता. शेवटी त्यांनी एक्स-रे पुन्हा काढला. खुबा धडधाकट होता. कुठे चीरसुद्धा नाही. आधीचा एक्स-रे नव्हताच, तेव्हा ताडून बघणार कशाशी? आपलीच चूक झाली असावी, असं म्हणत डॉक्टरांनी तिला सोडून दिलं.

ताई माझ्याबरोबर जिना उतरून चालत गेली. मी खूश होतो. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं इतका मी खूश होतो.

६

पहिले दोन दिवस ती घरात खुर्चीवर बसून राहिली. सांगितलं तर उठायची, ताट पुढे केलं तर जेवायची. तिच्या खोलीतून कसलाही आवाज यायचा नाही. ताई झोपेतसुद्धा कधी गप्प नसायची, त्यामुळे मी दाराला कान लावून उभा राहायचो. आत श्वास चालू असायचा, अगदी एकसारखा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर यादी काढली. वॉर्डातली खाट चौदा आता दुसऱ्या पेशंटची होती, पण ताईचा फोल्डर मी हलवू दिला नव्हता. तो निळा असायला हवा होता. तो आकाशी होता. त्यापुढे बाण होता आणि बाणापुढे यंत्रावरच्या माझ्या घराचा पत्ता.

हे मी केलं नव्हतं. कुणी केलं हे बघायला नावासमोरचा रकाना असतो. त्या रकान्यात माझं नाव होतं. झोप नव्हती, घाईत काहीतरी दाबलं असेल, असं म्हटलं. ती लिंक काढायला हवी होती. मला आठ-पाच आठवलं आणि मी हात मागे घेतला.

संध्याकाळी दार उघडून ताई म्हणाली, "बाळ्या, तुझा शर्ट इस्त्रीला घाबरतो का रे?"

मी दारातच तिला मिठी मारली. अशी मिठी आम्ही कधी मारत नाही. तिनंही मारली, बरोबर माझ्याइतकीच घट्ट.

७

मग ती भराभर परत आली. माझी शाळा, माझा टायफॉइड, माझ्या लग्नातला गोंधळ, सगळं तिला आठवू लागलं. बारीकसारीक तपशिलांसकट. मी आठवडाभर तरंगत होतो.

शेजारच्या काकू भेटायला आल्या. त्या ताईच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रीण, पंचवीस वर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्या. तासाभरानं त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो. जिन्यात त्या थांबल्या.

"हिला आमची सुपरवायझर आठवत नाही. हिला संपातले पंधरा दिवस आठवत नाहीत. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांची नक्कल कर ना, तर नुसती हसली."

"डॉक्टर म्हणाले, हळूहळू—"

"तुझं सगळं आठवतं की तिला," काकू म्हणाल्या. "तुझंच सगळं आठवतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी आता काही दिवस येत नाही रे. राग मानू नकोस."

वर आल्यावर मी ताईला म्हटलं, मोठ्या डॉक्टरांचा खोकला काढ. तिनं काढला. तो वाईट होता. मी काढला असता तसा होता.

८

मी आईचं विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं, भीती वाटत होती.

"रोज एकच," ताई म्हणाली, आणि पहिली गोष्ट सांगितली. माझ्या फाइलमधली. माझ्याच वाक्यांत. घाईत टाइप करताना मी जिथे वाक्य अर्धं सोडलं होतं तिथे तिनंही ते अर्धं सोडलं. अकरा दिवस अकरा गोष्टी झाल्या. मी रोज समोर बसून ऐकल्या. उठून जावंसं वाटायचं, पण आवाज ताईचा होता.

बाराव्या दिवशी मी म्हटलं, "आज हसू."

ती माझ्याकडे बघत राहिली. हसरा, उत्सुक चेहरा. "कर ना," ती म्हणाली.

"मी नाही, ताई. तू करणार होतीस. आई कशी हसायची?"

"मला कसं माहीत असेल?" तिला खरंच नवल वाटलं. "मला जे माहीत आहे ते तुलाच माहीत आहे."

त्या क्षणी मला कळलं की ताई गेली. आठ वाजून चार मिनिटांनी गेली आणि तिच्याबरोबर आईही गेली. मी एका रिकाम्या फोल्डराला दार लावून ठेवलं होतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बाहेर तीही रडत होती.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी रेकॉर्डच्या बाईंना आईबद्दल काहीतरी सांगत होतो. कुणाला तरी सांगायचंच होतं. त्या मधेच म्हणाल्या, "राखाडी स्वेटर? मागच्या महिन्यात तुम्ही हिरवा म्हणाला होतात. कोपराला उसवलेला हिरवा. माझ्या चांगलं लक्षात आहे."

"राखाडी," मी म्हणालो. मी तो डोळ्यांपुढे आणून बघितला. राखाडीच होता. खाली येऊन फाइल उघडली. राखाडी. आणि मग आठवलं की काल रात्री जेवताना ताई बोलण्याच्या ओघात राखाडी म्हणाली होती आणि मी मान डोलावली होती.

बाई थापा मारणाऱ्यांतल्या नाहीत. मी खुर्चीत बसून राहिलो. लिंकमधून काही बदललं तर पलीकडचंच बदलतं. दुसरी प्रत नसते.

९

काल सकाळी मी ठरवून गेलो. ती लिंक काढायची. काय व्हायचं ते होऊ दे. ताईला मी एकदा जाऊ दिलं नाही, आता द्यायचं. निदान माझ्याजवळ उरलेलं तरी माझं राहील.

आधी यादी काढली. पडद्यावर दोन लाल नावं होती.

एक ताईचं. बाण माझ्या घराकडे. दुसरं माझं घर. बावीस वर्षं ते निळं होतं. आता त्यापुढेही बाण होता, आणि तो बाण ताईच्या फोल्डराकडे जात होता. वेळ आठ वाजून चार मिनिटं, म्हणजे मी कुलूप काढत होतो तेव्हा. रकान्यात माझंच नाव.

असं झालं की यंत्र गोंधळतं. हे उघडायला ते उघडावं लागतं आणि ते उघडायला हे. काही फेऱ्या मारून ते दमतं आणि दोघांनाही लाल करून टाकतं. मी ‘आई’ फाइल मागितली. नकार आला. राखीव प्रती काढल्या. सगळ्यांत तेच दोन बाण, वीस दिवस मागेपर्यंत. यातला कुठला काढू? कुठलाही काढला तरी दुसऱ्याच्या टोकाला काही येणार नव्हतं. खरा फोल्डर कुठेच राहिला नव्हता.

मी डोळे मिटले आणि अकरा गोष्टी मोजायला सुरुवात केली. अकरा होत्या हे पक्कं माहीत होतं. पहिली कुठली, ते येईना. मग दुसरी. मी बोटं धरून बसलो होतो आणि एकही बोट दुमडता आलं नाही. रेकॉर्डच्या बाईंना फोन केला. म्हटलं, मी तुम्हाला माझ्या आईबद्दल काय सांगितलं होतं?

मग त्यांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

मी खोलीला कुलूप लावलं आणि घरी आलो. भर दुपार होती. रस्त्यावर शाळा सुटलेली, रिक्षा, भाजीवाले, सगळं जिथल्या तिथं. आमचं दार उघडंच होतं. ताई जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोरची खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवलेली. मी बसलो. तिचे डोळे रडून सुजले होते. माझेही असणार.

"एक गोष्ट सांग," मी म्हणालो. तीही तेच म्हणाली, त्याच क्षणी.

"आधी तू."

"आधी तू."

हे कुणी आधी म्हटलं ते सांगता येणार नाही. तिनं हात टेबलावर ठेवले होते, मी माझे ठेवले. खाली मुलांचा गलका हळूहळू कमी झाला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, ते उघडेल म्हणून. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.